दोन दिवस पुरेत

‘किती दिवस ठेवू गं?’ मैत्रिणीनं फोनवर विचारलं आणि हातातलं काम न थांबवता मी उत्तर दिलं, ‘यलोस्टोनला ना? दोन दिवस पुरेत.’ अमेरिकेतलं ते राष्ट्रीय उद्यान बघायला ती आईला घेऊन निघाली होती. सुट्टी बेताची, पुढे आणखी दोन ठिकाणं जोडायची होती, आणि मी तिथं आधी जाऊन आलेली असल्यामुळे माझ्या शब्दाला तिच्या लेखी वजन होतं. मी नुसतं उत्तर देऊन थांबले नाही. रात्री बसून दोन दिवसांचा तासवार कागद तयार केला आणि तिला पाठवला. तिथला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे. पहिल्या दिवशी खालचं वेटोळं, दुसऱ्या दिवशी वरचं. सकाळी बरोबर आठला ग्रँड प्रिझमॅटिक हे गरम पाण्याचं रंगीत कुंड, कारण नऊ-दहानंतर तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. साडेआठला तिथून निघायचं. गर्दी चुकवण्याची ही युक्ती सुचली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

परत आल्यावर काकूंनी आपणहून फोन केला. आवाजात आनंद होता. ‘सगळं छान झालं. तू लिहून दिलं होतंस तसं सगळं बघून झालं.’ मग बायसन, म्हणजे तिथले रानगवे, किती जवळून गेले, गरम पाण्याचा फवारा सांगितलेल्या वेळेला कसा उडाला, ते सगळं सांगितलं. शेवटी, फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘ते मोठं रंगीत कुंड तेवढं दिसलं नाही बघ. नुसती पांढरी वाफ. आमच्या शेजारी उभी असलेली माणसं म्हणत होती, ऊन वर आलं की दिसतं. पण आपल्याला साडेआठला निघायचं होतं ना.’

आपल्याला. त्या शब्दात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तो शब्द माझ्या मनातून गेला नाही.

मला हे माहीत असायला हवं होतं. खरं तर माहीत होतंच. त्या कुंडाचं पाणी सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं असतं, सकाळची हवा भर उन्हाळ्यातसुद्धा बोचरी थंड असते, आणि शंभर मीटरच्या आसपास रुंद असलेल्या त्या पाण्यावर सकाळी वाफेचा डोंगर उभा राहतो. सूर्य चढला, हवा तापली, वारा सुटला की वाफ विरळ होते आणि मग रंग दिसतात. मी स्वतः दुपारी गेले होते म्हणून मला ते दिसले होते. कागद लिहिताना मी गाडी लावायच्या जागेचा विचार केला. वाफेचा विचार केला नाही. काकूंचे गुडघे दुखत होते तरी त्या लाकडी वाटेवरून चालत तिथवर गेल्या, पांढऱ्या वाफेकडे बघत उभ्या राहिल्या आणि माझ्या कागदावर लिहिलं होतं म्हणून परत फिरल्या.

त्या दिवसापासून ‘पुरेत’ या शब्दाशी माझं काहीतरी बिनसलं. आपण म्हणतो कापड पुरलं, पैसे पुरले, एवढी शाई पुरेल. जे संपणार आहे, मोजून वापरायचं आहे, त्यासाठी हा शब्द. दोन दिवस पुरले म्हणजे नक्की कशाला पुरले? यादीला पुरले. यादीतली नावं संपली आणि दिवसही संपले, हिशेब जुळला. ‘बघून झालं’ हीसुद्धा तशीच गंमतशीर रचना आहे. काम करून झालं, पत्र वाचून झालं, तसं बघून झालं. पण ज्या वनात सकाळचा डोंगर दुपारी वेगळा असतो, तिथं बघून होतं म्हणजे काय होतं?

नकाशावर मात्र माझा हिशेब चोख होता. यलोस्टोनचं ते आठच्या आकड्याचं वेटोळं सगळं मिळून २२८ किलोमीटर. कुठल्याही चांगल्या रस्त्यावर हे अंतर तीन-साडेतीन तासांचं. त्याला दोन दिवस दिले म्हणजे सढळ हातानंच दिले, असं कुणालाही वाटेल. पण तिथल्या रस्त्यावर ताशी बहात्तरच्या वर गाडी नेता येत नाही, आणि तेवढीही ती जात नाही. एका वळणावर पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागतात. सगळं थांबतं. इंजिनं बंद होतात. मग समोरून बायसनचा कळप येतो, रस्त्याच्या मधोमध, आपल्याच चालीनं. काच थोडी खाली केली तर आधी त्यांचा श्वास ऐकू येतो, जड, नाकातून सुटणारा. मग वास येतो, ओल्या लोकरीचा आणि मातीचा. मानेवरची ती काळपट आयाळ, तिच्यात अडकलेल्या काटक्या, खांद्यावरचा उंचवटा गाडीच्या खिडकीच्याही वर. एक वासरू मधेच थांबून गाडीच्या चाकाकडे बघतं, मग आईमागे पळतं. पाऊण तास गेलेला असतो. कागदावर या पाऊण तासाला कुठंच जागा नव्हती. तो आला की पुढचं काहीतरी कापावं लागतं, आणि ज्याच्या हातात तासवार कागद आहे त्याला हा पाऊण तास उशीर वाटतो. खरं तर माणूस इतक्या लांब आलेला असतो तो ह्याच पाऊण तासासाठी.

हे मी शिकले होते, आणि तरी विसरले. शिकले होते कान्हाला.

पहिल्यांदा कान्हाला गेले तेव्हा एकच सफारी होती, सकाळची. पुढच्या प्रवासात ती कशीबशी बसवली होती. जिप्सीत बसल्यापासून एकच प्रश्न. समोरून दुसरी जिप्सी आली की दोन्ही गाड्या मंदावायच्या, गाईड हातानंच विचारायचा, दिसला? समोरचा मान हलवायचा. मग आमची गाडी आणखी जोरात. एका कुरणापाशी बारशिंगे चरत होते. गाईड थांबवत होता, आम्हीच म्हटलं, हरणंच आहेत ना, पुढे चला. वाघ दिसला नाही. परतताना सगळ्यांचे चेहरे असे पडले होते की वाटावं, कुणीतरी आम्हाला फसवलंय. चार तासांत आम्ही ज्या ज्या गोष्टींना ‘काही नाही’ म्हटलं, त्यांची यादी करायची तर जंगलच मांडावं लागेल.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा सहा सफाऱ्या घेतल्या, तीन दिवस. आपल्याकडच्या व्याघ्र प्रकल्पांत दिवस मोजून उपयोग नसतो, सफाऱ्या मोजाव्या लागतात. सकाळची एक, दुपारची एक, मधे जंगल आपल्याला बंद. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची सफारी नसते, हेही लोक दिवस ठरवताना विसरतात आणि दोन दिवसांत चार धरून बसलेल्यांना तीनच मिळतात. तर, पहिल्या दोन सफाऱ्यांत मी तशीच होते, जुनी, वाघ शोधणारी. तिसऱ्या सफारीला साल वृक्षांच्या एका वळणावर गाईडनं इंजिन बंद करायला लावलं. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला. मी सावरून बसले. गाईड हळूच म्हणाला, एकट्या चितळावर जाऊ नका, ते पानाला पण घाबरतं. वानर बोललं पाहिजे, ते वरून बघतं. आम्ही ऐकत राहिलो. इतकं शांत, की सालाचं एक वाळकं पान खाली येताना फांद्यांना लागत लागत आलं ते मी पूर्ण ऐकलं. मग डावीकडून वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हा. अंगावर काटा आला. वाघ आला नाही. तो आतल्या आत निघून गेला असावा. पण तो होता, आणि त्याचं असणं मला त्या दिवशी ऐकता आलं.

पाचव्या सफारीला आम्ही स्वतःहून बारशिंग्यांपाशी थांबलो. १९७० च्या सुमाराला जगात या कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्यांचे अवघे सहासष्ट जीव उरले होते, आणि ते सगळे इथं, कान्हात. कुंपण घातलेल्या कुरणात जपून, कुरणं राखून आता त्यांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली आहे. हिवाळा होता, त्यांच्या माजाचा काळ. एक नर खाली मान घालून शिंगांनी गवत उपटत होता. खात नव्हता. उपटलेलं गवत शिंगांत अडकवून त्यानं मान वर केली तेव्हा डोक्यावर गवताचा मुकुट झाला होता, एका बाजूला लोंबणारा. तसाच तो माद्यांच्या समोरून चालत गेला. पहिल्या खेपेला ‘हरणंच आहेत’ म्हणून मी ज्यांच्यावरून पुढे गेले होते, तेच हे. पाचव्या सफारीत जंगल बदललं नव्हतं. माझी घाई तेवढी संपली होती, आणि ती संपायला चार सफाऱ्या लागल्या होत्या.

म्हणून आता कुणी विचारलं की मी दिवस मोजायची रीत आधी बदलायला सांगते. पोचायचा दिवस मोजू नका, निघायचा दिवस मोजू नका. पोचतो त्या दिवशी आपण प्रवासाच्या धुंदीत असतो, कान गाडीच्या आवाजानं बधिर झालेले असतात. निघायच्या दिवशी मन सामानात असतं. उरलेले दिवस खरे. शुक्रवार ते रविवार म्हणजे तीन दिवस असं आपण म्हणतो, त्यात जंगलाच्या वाट्याला एकच शनिवार येतो. त्यापेक्षा रात्री मोजाव्यात. दोन रात्री राहिलं की निदान एक पूर्ण दिवस, दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी मिळतात. पहाट आणि संध्याकाळ याच तर वेळा, प्राणी हलतात, प्रकाश तिरपा पडतो, आणि दिवसभरासाठी आलेली माणसं एकतर आलेली नसतात किंवा गेलेली असतात. बाहेर मुक्काम करणारे सकाळी दहा ते चार या वेळात उद्यानात असतात. कडक उन्हात, सपाट प्रकाशात, एकमेकांच्या गर्दीत. आणि मग म्हणतात, फोटोत दिसतं तसं नव्हतं.

काही ठिकाणी हा प्रश्न आपल्याला सोडवावा लागतच नाही, आणि मला त्या जागांचा हेवा वाटतो. न्यूझीलंडच्या फियोर्डलँड उद्यानातली मिलफर्ड ट्रॅक ही पायवाट ५३.५ किलोमीटरची. मोसमात ती चार दिवसांतच चालायची, एकाच दिशेनं, ठरलेल्या झोपड्यांत तीन रात्री काढत. पाऊस आला म्हणून एक रात्र जास्त राहीन म्हणाल तर नाही, पाय भराभर पडताहेत म्हणून तीन दिवसांत उरकीन म्हणाल तरी नाही. आणि पाऊस येतोच, वर्षाकाठी जवळजवळ सात मीटर पडतो तिथं. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये तर मुक्कामच करता येत नाही. घांघरियाहून सकाळी चढायचं, फुलांमधून फिरायचं, संध्याकाळच्या आत बाहेर. ज्याला जास्त हवं त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा चढावं. रवांडाच्या व्होल्कॅनोज उद्यानात गोरिलांच्या कुटुंबापाशी पोचल्यावर आठ माणसांच्या गटाला मिळतो एक तास. बांबूच्या चिखलातून कितीही तास तंगडतोड करून आलेले असा, घड्याळ सगळ्यांना सारखं. आपले आजार त्यांना लागू नयेत, त्यांच्या दिवसात आपण फार शिरू नये, म्हणून. तिथं कुणी म्हणत नाही की एक तास पुरला. एक तास मिळाला, असं म्हणतात. फरक केवढा आहे या दोन क्रियापदांत.

आणि नेपाळच्या सगरमाथा उद्यानात तर शरीरच दिवस ठरवतं. ३,४४० मीटरवर नामचे बाजारला पोचलं की तिथं दोन रात्री काढायच्या, हा जवळजवळ सगळ्यांचा परिपाठ. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. रक्ताला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. सुट्टी किती शिल्लक आहे हे त्या रक्ताला कळत नाही. मला वाटतं, डोळ्यांचंही असंच काहीतरी असावं. अंधाराच्या बाबतीत तर ते अगदी मोजलेलं आहे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मधे एकदा जरी फोन उघडला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ग्रँड कॅन्यनच्या काठावर मी हे अनुभवलंय. सूर्यास्ताला शेकडो माणसं होती. सूर्य बुडाला तशी टाळ्या वाजवून निघाली. पंधरा मिनिटांत काठ ओस. मी कठड्याला धरून राहिले. आधी नुसता काळोख. मग आकाश खाली उतरत गेलं, एकेक थर, आधी ठळक तारे, मग त्यांच्या मागचे, मग आकाशगंगेचा तो धुरकट पट्टा, आणि त्या उजेडात खाली दीड किलोमीटर खोल दरीच्या कडा पुन्हा उमटल्या. कडा म्हणजे नुसत्या रेषा. मला तेव्हा पहिल्यांदा तिची खोली कळली. दिवसा ती इतकी मोठी असते की डोळे तिला चित्र समजून सोडून देतात.

पण हे सगळं लिहिताना एक अवघडलेपण आहे, ते लपवायचं नाही. ज्याच्याकडे दिवस आहेत त्यानं दिवसांचं महत्त्व सांगणं सोपं असतं. त्याच काठावर सकाळी एक माणूस भेटला होता, दोन लहान मुलं, कडेवर झोपलेलं तिसरं. दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी निघाले होते, वाट वाकडी करून आले होते, तीन तास हातात होते. त्यानं मला विचारलं, तीन तासांत काय काय होईल? मी नकाशा उघडला आणि मग मिटला. त्याला म्हटलं, गाडीनं फिरू नका, इथून डावीकडे काठाकाठानं चालत जा, मुलं दमतील तिथं बसा. त्याचा चेहरा जरा उतरला. त्याला पाच ठिकाणं हवी होती. तासाभरानं मी त्या बाजूला गेले तर मोठी मुलगी पोटावर झोपून कठड्याच्या सळ्यांमधून खाली बघत होती आणि बाप तिला सांगत होता की सगळ्यात खालचा दगड पावणेदोनशे कोटी वर्षांचा आहे. ती विचारत होती, म्हणजे आजीपेक्षा? तीन तास थोडे होते. पण ते त्या मुलीचे झाले होते. तिला पाच ठिकाणी उतरवलं-चढवलं असतं तर झाले नसते, एवढं मी ठामपणे म्हणते. अमेरिकेतल्या बऱ्याच उद्यानांत एकदा घेतलेला पास सात दिवस चालतो, आणि तो घेऊन काही तासांत बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग बघितली की जीव हळहळतो. तरी त्यातल्या प्रत्येक गाडीत असा एखादा बाप असू शकतो, हेही आता मनात येतं.

जास्त दिवस राहिलं म्हणजे जास्त मिळतंच असंही नाही. अलास्कात देनाली शिखर बघायला जाणाऱ्या साधारण तिघांतल्या एकालाच ते दिसतं, ६,१९० मीटरचा पहाड ढगात असा बुडून राहतो की समोर काही आहे याची शंकाही येऊ नये. यलोस्टोनमध्येच ओल्ड फेथफुलचा फवारा दीडेक तासानं उडतो आणि पुढची वेळ दहा मिनिटांच्या फरकानं आधी लिहिलेली असते, तर स्टीमबोट नावाचा दुसरा, नव्वद मीटरच्याही वर उडणारा, १९११ ते १९६१ अशी पन्नास वर्षं गप्प होता. पुढे अधूनमधून जागा होत राहिला आणि २०१८ पासून अचानक वरचेवर बोलायला लागला, २०१९ मध्ये एका वर्षात अठ्ठेचाळीस वेळा उडाला. त्या पन्नास वर्षांत कुणी तिथं महिनाभर बसलं असतं तरी हाती काय लागलं असतं? दिवसांनी नशीब विकत मिळत नाही. फक्त नशिबाला गाठ पडायला थोडी जागा होते.

आणि कंटाळाही येतो. योसेमिटीच्या दरीत मी एकदा सात दिवस राहिले. तीन दिवस भारलेले होते, चौथ्या दिवशी सकाळी उठावंसं वाटेना. तीच नदी, तोच कडा, धबधब्याचा तोच आवाज, तोही आता पंख्यासारखा वाटायला लागलेला. परत जावं असं फार वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं याचं वाईटही वाटलं. त्या रात्री काहीच करायला नव्हतं म्हणून कुरणात जाऊन एल कॅपिटानच्या कड्याकडे बघत बसले. जमिनीपासून नऊशे मीटर सरळ उठलेली ती भिंत काळोखात नुसती तारे नसलेली जागा म्हणून दिसत होती. मग तिच्या पोटात एक दिवा दिसला. मग आणखी दोन, बऱ्याच खाली. गिर्यारोहक होते. त्या भिंतीवर चढायला बहुतेकांना तीन-चार दिवस लागतात, रात्री ते तिथंच झोपतात, दोरांवर टांगलेल्या बिछान्यात. दिवसा मी ज्या भिंतीचा फोटो काढून पुढे गेले होते, तिच्या अंगावर माणसं झोपायच्या तयारीत होती. एक दिवा विझला. थोड्या वेळानं दुसरा. मी तिसरा विझेपर्यंत बसले. पाचव्या दिवसापासून कंटाळा आला नाही, किंवा आला तरी मी त्याला फार भ्यायले नाही.

काकूंना मात्र हे सगळं सांगून काय करणार होते? गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता इतका लांबचा प्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांनी ते शांतपणे मान्य केलं. मैत्रीण म्हणाली, तू उगाच मनाला लावून घेतेस, आईच्या लक्षातही नसेल. असेलही तसं. पण पुढच्या वर्षी सप्टेंबरात मला पुन्हा यलोस्टोनला जायची संधी आली तेव्हा चार दिवसांतला एक अख्खा दिवस मी कोरा ठेवला.

आठला पोचले, मुद्दाम. फायरहोल नदीवरच्या पुलावरूनच दिसत होतं, कुंडातून वाहून आलेलं गरम पाणी नदीत उतरताना वाफाळत होतं. लाकडी वाटेवर दव गोठलेलं. वर गेले तर समोर पांढरं. वाफ अंगावर यायची, ऊबदार, जराशी गंधकाच्या वासाची, चष्म्यावर बसायची. चष्मा पुसला तरी पांढरंच. माणसं येत होती, दोन मिनिटं थांबून हसून परत जात होती. साडेआठ झाले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं, आणि बघितल्यावर इतकं वाईट वाटलं की मान दुसरीकडे वळवली. नऊ. साडेनऊ. पायांची बोटं बधिर झाली होती. दहाच्या सुमाराला वाऱ्याची एक झुळूक आली आणि वाटेच्या कडेचा केशरी पट्टा दिसला, पायापासून हातभर अंतरावर. ओल्या सायीसारखा थर, त्यावर बोटभर पाणी, पाण्यात बारीक सुरकुत्या. हा रंग म्हणजे जिवाणू. काठाकडे पाणी जसजसं निवतं तसतसे वेगळे जिवाणू तग धरतात, म्हणून आधी पिवळा, मग केशरी, मग तपकिरी. मधलं पाणी त्यांच्यासाठी फार कढत, तिथं असे रंगीत थर धरत नाहीत, म्हणून तिथं नुसतं पाणी आणि त्याचा निळा. झुळूक गेली, पडदा पुन्हा बंद. अकराला मी खालची वाट सोडून पलीकडच्या टेकडीवरच्या सज्जावर चढले आणि तिथून वाफ उठताना बघितली. ती एकदम गेली नाही. आधी तिचाच रंग बदलला, खालच्या कडेला केशरी झाक आली, मधे निळसर. मग ती फाटायला लागली, इथं एक भोक, तिथं एक. साडेबारापर्यंत सगळं कुंड उघडं होतं.

उद्यानात फोनला रेंज नव्हती. संध्याकाळी मुक्कामावर पोचल्यावर काकूंना फोन लावला. फोटो पाठवले आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, ते बघीन मग सावकाश, तू आधी सांग. मी सांगितलं की त्याच जागी जाऊन उभी राहिले होते.

‘किती वाजता दिसलं?’

‘पूर्ण दिसायला साडेबारा वाजले.’

‘म्हणजे साडेचार तास थांबलीस.’

‘हो.’

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, ‘आम्ही पंचवीस मिनिटं होतो.’

मला वाटलं आता माफी मागावी, तसं म्हणायला मी तोंडही उघडलं. पण त्यांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला, बसल्या असाव्यात.

‘निळा कसा होता गं?’ त्यांनी विचारलं, ‘नीट सांग.’

मी खिडकी लावून घेतली आणि सकाळच्या पुलापासून सांगायला सुरुवात केली.